एक हात वॅक्सचा

आख्खा तळहात गाडीच्या बॉनेटवरून फिरवायचा, मग तोच तळहात समोरच्याच्या नाकापाशी नेऊन विचारायचं, "पाय, आहे का धूळ?" 'पाय' म्हणजे आमच्या वऱ्हाडीत 'पाहा'. आमच्या साहेबांची नमस्कार करायची ही पद्धत होती. तुम्ही गणपतीची वर्गणी मागायला जा, पत्रिका द्यायला जा, नाही तर कोणी वारल्याचा निरोप घेऊन जा, आधी तळहात. धूळ नाही असं कबूल केल्याशिवाय मयताचं नावसुद्धा विचारत नसत. आणि कबूल केलं की खूश होऊन म्हणायचे, "एक हात मारला का मामला साफ!"

तुमच्याही गल्लीत गाडीवर जीव टाकणारा एखादा असेलच. त्याला आमच्या साहेबांच्या शेजारी उभा करू नका. बिचारा भंगारवाला वाटेल.

अकोल्यात, बार्शीटाकळीच्या रस्त्याला लागून आमची कॉलनी. साहेब पाण्याच्या खात्यातून निवृत्त झालेले. अकोल्यात पाण्याच्या खात्यातून निवृत्त होणं म्हणजे काय, ते बाहेरच्या माणसाला सांगून समजत नाही. आमच्याकडे नळ हा जावयासारखा येतो. कधी येणार ते कळवत नाही, आला की सगळं घर हात जोडून त्याच्याभोवती उभं राहतं, आणि भांडी भरायच्या आत रुसून निघून जातो. साहेबांना घरी बसून किती वर्षं झाली होती, तरी नळ आला नाही की लोक त्यांच्याच फाटकाकडे बघत, जणू मुख्य चावी अजून त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होती.

अशा माणसाने दारात उभं राहून गाडीवर बादलीभर पाणी ओतलं असतं तर? "आमच्या घरी भांडे तसेच पडेल हायेत अन् हा गाडीले आंघोळ घालून राहिला!" हे वाक्य बोलायला कॉलनीतल्या प्रत्येक खिडकीत एक तोंड तयार होतं. काही तोंडांची तर तालीमही झाली होती. म्हणून साहेबांनी गाडीला कधी पाणी लावलं नाही. कोरडं फडकं, कोरडा हात, कोरडं प्रेम.

गाडी होती डाळिंबी रंगाची. म्हणजे घेतली तेव्हा होती, आणि मध्ये एकदा गॅरेजवाल्याकडून तसाच रंग मारून घेतला तेव्हाही होती. पण अकोल्याचं ऊन तुम्हाला माहीत आहे. मे महिन्यात आमच्याकडे कावळे चपला घालून फिरतात. त्या उन्हाने गाडी आधी फिकी पडली, मग पिठूळ झाली, आणि शेवटी पिकलेल्या पेरूच्या गरासारखी गुलाबी झाली. साहेबांना मात्र ती डाळिंबीच दिसायची.

आणि ही साधीसुधी गाडी नव्हती, ही नवरदेवाची गाडी होती. कॉलनीतला प्रत्येक नवरदेव हिच्यातच बसून गेला होता. कोणी ठराव केला नव्हता, पण लग्न ठरलं की मुलाचा बाप आधी मंगल कार्यालयाकडे आणि मग साहेबांकडे जायचा. काही शहाणे उलट करायचे. साहेब भाडं घेत नसत, पेट्रोल घेत नसत, फक्त अहेरातला फेटा घेत आणि स्वतः गाडी चालवत. साहेब आणि काकूंना स्वतःचं लेकरू नव्हतं. ही गोष्ट कॉलनीत कोणी बोलत नसे, म्हणून सगळ्यांना पाठ होती.

इथपर्यंत सगळं गुण्यागोविंदाने चाललं होतं. मग कोपऱ्यावरच्या ठेकेदाराने काळी गाडी आणली.

ती गाडी इतकी मोठी होती की तिचं तोंड कॉलनीत आलं तरी शेपूट अजून शोरूममध्येच होतं. ठेकेदार तिच्यात शिडीशिवाय चढत नसे असं म्हणतात. मी शिडी पाहिली नाही, पण चढताना त्याला लागलेला दम पाहिला आहे. गाडी आली त्या दिवशी पेढे वाटून झाल्यावर ठेकेदार मोठ्याने म्हणाला, "आता कॉलनीतल्या नवरदेवायनं गुलाबी गाडीत बसाचं काही काम नाही!" साहेब तिथेच पेढा हातात धरून उभे होते. त्यांनी तो पेढा खाल्ला नाही आणि टाकलाही नाही. घरी नेऊन काकूंना दिला.

नेमकं त्याच हिवाळ्यात आमच्या धाकट्या भावाचं लग्न ठरलं. मुलगी अमरावतीची. धाकटा पुण्यात नोकरीला असल्यामुळे त्याच्या बोलण्यातून 'ले' गेला होता आणि 'ला' आला होता. तो म्हणाला, "आई, मी काळ्या गाडीतून जाणार. व्हिडिओ आहे, ड्रोन आहे. वरून साहेबांची गाडी गुलाबी दिसेल."

आई म्हणाली, "खालून बी गुलाबीच दिसते. पण तुह्या बापाले आजारपणात दवाखान्यात कोनं नेलं होतं? काळी गाडी आलती का? तू साहेबाच्याच गाडीत बसशीन."

"मग ती चमकली पाहिजे. नाही चमकली तर नाही बसणार."

हा निरोप साहेबांना मी सांगितला. आधी अर्थात तळहात पाहिला. साहेब ऐकून घेत राहिले. मग म्हणाले, "चमकली तर बसन ना? पक्कं?"

"पक्कं."

"मंग झालं."

दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन गाड्यांच्या सामानाच्या दुकानात गेले. दुकानदाराने वॅक्सचा एक चपटा डबा पुढे सरकवला. एरवी म्हणे गाडीचा रंग आधी एका औषधाने साफ करायचा आणि मग वरून वेगळं वॅक्स लावायचं, अशी दुहेरी मेहनत. या डब्यात दोन्ही एकत्र होतं, मळ खरवडणारी बारीक भुकटीही आणि चमक आणणारं मेणही. एकाच टप्प्यात काम. साहेबांचा चेहरा असा उजळला की दुकानदाराने दिवा बंद केला.

"फक्त साहेब, लावाच्या पहिले गाडी पाण्यानं धुवा लागते," दुकानदार म्हणाला. "नाही त तिच्यावरची माती घासली जाते."

साहेबांनी चष्मा लावला. "डब्यावर काय लिहेल आहे? एक टप्पा. तू धुवाचा धरून दोन सांगून राहिला. डबा खोटा का तू?"

शासकीय नोकरीत ज्यांची हयात गेली आहे त्यांना हा युक्तिवाद समजेल. छापील ते खरं. दुकानदार खासगी क्षेत्रातला होता, तो गप्प बसला.

घरी आल्याबरोबर साहेबांनी न धुता, दुकानापर्यंत जाऊन येऊन धुळकट झालेल्या गाडीवर तसाच पहिला हात मारला. काळ्या मातीची धूळ ती. आमची माती कपाशी पिकवते, ज्वारी पिकवते, आणि चिकटली की माणसाला सासुरवाडीलाही सोडत नाही. साहेब गोल गोल घासत होते. काकू ओट्यावर बसून मेथी निवडत होत्या. थोड्या वेळाने त्यांनी फडक्याकडे पाहिलं.

"अवो, फडकं लाल होऊन राहिलं. रंग निघून राहिला का?"

"मळ आहे तो. जुना मळ."

"मळ लाल असते का?"

"गाडीचा मळ गाडीच्याच रंगाचा असते."

काकूंनी मेथीची काडी मोडली आणि म्हणाल्या, "मंग माणसाचा मळ माणसाच्या रंगाचा असन. बरं झालं, लग्नानंतर तुमाले घासून नाही पाह्यलं."

दुपारी ऊन तिरपं आलं आणि बॉनेटवर जे काही दिसलं ते पाहून साहेबांचा हात थांबला. रंग उजळला होता, पण त्याच्यावर गोल गोल ओरखड्यांची जाळीच जाळी पडली होती. जणू कोणी स्टीलची परात तारेच्या घासणीने घासून उलटी ठेवली होती. ठेकेदार नेमका तेव्हाच समोरून चालला होता. "वा साहेब! नक्षी काढली का?" म्हणाला आणि हसत हसत पुढे गेला. ते हसू कॉलनीच्या फाटकापर्यंत ऐकू येत होतं. फाटकाबाहेरचं कुत्रंही त्या दिवशी दात काढून बसलं होतं.

साहेब पायरीवर बसले. मला म्हणाले, "पाणी लागन रे बाबू." हे त्यांनी इतक्या हळू सांगितलं, जणू खात्यातलं एखादं गुपित फुटत होतं.

आमचं पातूरला शेत आहे, विहिरीवर मोटार आहे. हरभऱ्याला पाणी द्यायचंच होतं. मी म्हणालो, "साहेब, गाडी शेतात घेऊन चला. गाडीलेही पाणी, हरभऱ्यालेही." तरी त्यांनी अट घातली की एक थेंब वाया जाता कामा नये. मग गाडी बांधावर अशी तिरपी उभी केली की तिच्यावरून ओघळलेलं पाणी थेट सरीत जाईल. पाण्याची मोटार सुरू झाली. ज्या माणसाने सगळ्या शहराला पाणी पुरवलं, किंवा नाही पुरवलं, तो पहिल्यांदा स्वतःच्या गाडीवर पाणी सोडत होता. आधी दोनदा मागे वळून पाहिलं, कोणी बघत तर नाही. मी एकटाच होतो, आणि माझी म्हैस. म्हैस पाण्याच्या बाबतीत उदार असते.

गाडी सुकली. कडुनिंबाच्या सावलीत साहेबांनी पुन्हा डबा उघडला. या वेळी घाई नव्हती. एक दार घ्यायचं, त्यावर पातळ थर द्यायचा, तो पांढुरका होईपर्यंत थांबायचं, मग काकूंच्या जुन्या सुती पातळाच्या तुकड्याने पुसायचं. मग पुढचं दार. घासणीची जाळी विरत गेली आणि खालून, देवाशपथ सांगतो, डाळिंब निघालं. मी तर ती गाडी जन्मभर गुलाबीच पाहिली होती. मी म्हणालो, "साहेब, ही कोणाची गाडी?"

त्यांनी फडकं खाली ठेवलं. नुसता तळहात फिरवला, आणि या खेपेला तो माझ्या नाकापाशी आणलाच नाही. स्वतःच पाहत राहिले.

इथे थांबायला हवं होतं. साहेब थांबले नाहीत. दुसरा थर. मग परत. सूर्य कडुनिंबाच्या या अंगाचा त्या अंगाला गेला.

"साहेब, एकच हात मारायचा असते ना?"

"हाव. एकच हात आहे. थांबला नाही अजून."

संध्याकाळपर्यंत गाडी इतकी गुळगुळीत झाली की तिच्यावर काही म्हणता काही टिकेना. माशी बसली, घसरली. कडुनिंबाचं पान पडलं, थेट जमिनीवर गेलं. एक कावळा ऐटीत टपावर उतरला आणि मागच्या काचेवरून बूड टेकत खाली आला. उठून त्याने आजूबाजूला पाहिलं, आपल्याला कोणी पाहिलं नाही अशी खात्री केली आणि चालत निघून गेला, उडाला नाही. निंबाची सावलीसुद्धा त्या टपावर धड उभी राहत नव्हती. हे मी वाढवून सांगतो असं वाटत असेल तर पातूरला या, म्हशीला विचारा.

लग्नाच्या सकाळी धाकट्याने गाडी पाहिली आणि तो गुपचूप बाशिंग बांधायला गेला. साहेब जिंकले होते. नवा सदरा घालून, फेटा बांधून ते फाटकाशी उभे होते, आणि ठेकेदाराला मुद्दाम ऐकू जाईल अशा आवाजात मला विचारत होते, "पाय, आहे का धूळ?"

मग फुलवाला आला.

फुलवाल्याने झेंडूची झालर घेतली, चिकटपट्टी लावली आणि हात काढला. झालर खाली. पुन्हा लावली. पुन्हा खाली. "साहेब, टेप पकडूनच नाही राहिली," तो म्हणाला. मागच्या काचेखाली थर्मोकोलची दोन नावं लावायची होती. आधी धाकट्याचं नाव घसरलं आणि जमिनीवर जाऊन बसलं. मागोमाग नवरीचं नाव घसरलं आणि त्याच्या शेजारी जाऊन बसलं. मावशीने "अगं बाई, अपशकून" म्हणून पदर तोंडाला लावला. आई म्हणाली, "काहाचा अपशकून? जोडीनं जमिनीवर आले. संसार जमिनीवरच करा लागते."

फुलवाला डोकं खाजवत म्हणाला, "थोडंसं थिनर मारून घेऊ का साहेब? मेण निघून जाईन, मंग टेप पकडन."

"थिनर?" साहेबांच्या फेट्याचा तुरा थरथरला. "तुह्या बापाच्या तोंडाले थिनर लावशीन का?"

शेवटी सुतळी आणली. आरशांना, हँडलला, जाळीला, जिथे म्हणून गाठ मारता आली तिथे फुलं बांधली. गाडी कमी आणि जनावरांच्या बाजारात निघालेला सजवलेला गोऱ्हा जास्त वाटत होती. ठेकेदारानेही तोवर आपली काळी गाडी खालपासून वरपर्यंत फुलांनी मढवून घेतली होती. "असू द्या," म्हणाला, "स्पेअर मनून."

वरात निघाली. पुढे आमची गाडी, साहेब चालवत, शेजारी मी, मागे नवरदेव. साहेबांनी मधला आरसा खाली वळवून ठेवला होता, त्यात रस्ता कमी आणि धाकट्याचं बाशिंग जास्त दिसायचं.

गाडी महामार्गाला लागली आणि वारा लागला. बोरगाव ओलांडेपर्यंत झालर गेली. मूर्तिजापूरच्या अलीकडे शेवंती गेली, ती एका मेंढरांच्या कळपाने उभ्या उभ्या नाश्त्याला घेतली. मागून येणाऱ्या वऱ्हाडाच्या बसचा ड्रायव्हर वायपर चालू करून झेंडू बाजूला सारत होता. धाकटा मागून ओरडला, "साहेब, हळू चालवा, फुलं उडतायत!"

"फुलं उडू दे. गाडी पाय!"

बडनेरा आलं तेव्हा गाडीवर फुलाची पाकळी नव्हती. नुसती डाळिंबी चकाकी आणि लोंबणाऱ्या सुतळ्या.

अमरावतीला कार्यालयाच्या फाटकावर बँड उभा होता, नवरीचे काका हार घेऊन उभे होते, बायका ताटं घेऊन उभ्या होत्या. छातीवर बिल्ला लावलेला एक पोरगेला पाहुणा आमच्या गाडीसमोर आला आणि हात हलवू लागला.

"पावन्यायच्या गाड्या मांगं लावा, मांगं!"

साहेबांनी काच खाली केली. "अरे बाबू, याच्यात नवरदेव आहे."

"सगळेच तसं मंतात काका. मांगं घ्या, नवरदेवाची गाडी येऊन राहिली."

आणि ती आलीच. फुलांनी लगडलेली काळी गाडी. बँड फुटेस्तोवर वाजायला लागला. दार उघडलं, फेटा बांधलेला ठेकेदार बाहेर पडला, आणि नवरीच्या काकांनी त्याच्या गळ्यात हार घातला. बायकांनी ओवाळलं. एकीने तोंडात आख्खा पेढा कोंबला. ठेकेदार नंतर शपथेवर सांगत होता की आपण 'मी नाही, मी नाही' असंच म्हणत होतो, पण पेढ्याने बोलता आलं नाही. पन्नाशीचा, पोटावरचं बटण न लागणारा जावई पाहून नवरीची आजी मात्र खाली बसली आणि म्हणाली, "पोरीनं फोटो जुना दाखवला वो मले!"

इकडे आमचा खरा नवरदेव बाशिंगासह मागच्या बाजूला, आचाऱ्याच्या चुलाणांपाशी पोचला होता. तिथल्या बायकांनी त्याला पुऱ्या तळता तळता ओळखलं, कारण बाशिंग बांधून कोणी कांदे चिरायला येत नाही. त्यांच्यातल्या एका म्हातारीने हात पदराला पुसले, वरणासाठी काढलेल्या हळदीत बोट बुडवलं आणि धाकट्याच्या कपाळाला टिळा लावला. "ये रे बापा," म्हणाली, "कुठूनबी आला तरी आलास ना." माझ्या मते त्या दिवशीचं खरं स्वागत तेच. पण ड्रोन तिथे नव्हता.

पुढचं सगळं हसण्यावारी गेलं, लग्न लागलं, पंगती उठल्या. धाकटा मात्र हसला नाही. संध्याकाळी नवरीची पाठवणी करायची वेळ आली तेव्हा साहेब गाडी पुसून, दार उघडून उभे होते. धाकटा त्यांच्यासमोर येऊन म्हणाला, "साहेब, आम्ही काळ्या गाडीतून जातो."

"बरं," साहेब म्हणाले. दार लगेच लावलं नाही. थोडा वेळ तसंच धरून ठेवलं. आईने धाकट्याकडे असं पाहिलं की मी असतो तर तिथेच विरघळलो असतो. पण तो पुण्याचा झाला होता, तिकडे हवा थंड असते.

परतताना साहेबांच्या गाडीत मी एकटा. त्यांनी मधला आरसा वर केला आणि रस्त्यावर लावला. मूर्तिजापूर आलं. मग म्हणाले, "चमकली होती का नाही?"

"चमकली होती साहेब."

"मंग पक्कं मनला होता ना तो?"

 माझ्यासारख्या बढाया मारणाऱ्या माणसाजवळ नेमकं गरजेला एकही वाक्य नसतं, हे त्या दिवशी समजलं.

त्यानंतर कॉलनीतला एकही नवरदेव डाळिंबी गाडीत बसला नाही. काळी गाडी फुलांना नीट धरून ठेवायची, कारण तिला कोणी कधी पुसतच नव्हतं. साहेब मात्र दर आठवड्याला डबा काढून बसायचे. इतकं घासलं की दारांच्या कडांवरून रंग विरळ झाला आणि खालचा राखाडी थर डोकावू लागला. काकू म्हणायच्या, "आता दार घासून घासून शेजाऱ्याच्या घरात निघान." तरी फडक्यासाठी पातळ त्याच फाडून द्यायच्या.

मग आमच्या भावजयीला माहेरी, अमरावतीला, मुलगी झाली. पहिलं बाळंतपण, लेकीला वाजतगाजत घरी आणायचं. आणायच्या आदल्या दिवशी कळलं की काळी गाडी एका पुढाऱ्याच्या सभेला गेली आहे आणि पुढारी निवडून आल्याशिवाय परत यायची नाही. धाकटा टॅक्सी बघतो म्हणाला. भावजय फोनवर म्हणाली, "टॅक्सी कशाले? ती लाल गाडी आहे ना? लग्नात सगळ्यात साफ तीच होती."

धाकटा साहेबांच्या फाटकाशी गेला. मी मागे उभा होतो, मजा पाहायला, खोटं कशाला सांगू. साहेबांनी तळहात फिरवला, पण पुढे केला नाही. तेव्हा धाकट्याने स्वतःच आपला तळहात बॉनेटवरून फिरवला, पाहिला आणि म्हणाला, "धूळ नाही, साहेब." मग जरा थांबून, "पोरीले घरी आणाचं आहे. तुमची गाडी पायजे."

'ले' परत आला होता.

"सांजच्याले सांगतो," साहेब रुबाबात म्हणाले.

आतून काकूंचा आवाज आला, "सांजच्याले काहून? आत्ताच सांगा! नाही त मी चालवत नेतो!"

दुसऱ्या दिवशी सकाळी नळ आला होता. साहेब बाहेर आले. हातात डबा नव्हता, पाइप होता. भर कॉलनीत, दिवसाढवळ्या, पाण्याच्या खात्यातून निवृत्त झालेल्या माणसाने नळाचं चांगलं पाणी गाडीवर सोडलं. आत, बाहेर, टपावर, सीटखाली. खिडक्या उघडल्या. ती सगळी तालमीतली तोंडं बाहेर आली. मी म्हणालो, "साहेब, वॅक्स नाही का आज?"

"लहान लेकरू आहे. त्याचा वास नाकात जाईन."

 वर्षानुवर्षं तयार असलेलं ते वाक्य कोणीच बोललं नाही. फक्त समोरच्या आत्याबाई कठड्यावरून वाकून म्हणाल्या, "साहेब, मांगचं चाक राह्यलं."

अमरावतीहून अकोल्याला परत येताना साहेबांनी गाडी अशी चालवली की बैलगाड्या हॉर्न देऊन पुढे जात होत्या. पोरगी निघाली तेव्हा पाळण्यातली होती, घरी उतरली तेव्हा रांगत उतरली असं आई सांगते. आरसा तेवढा खाली वळवलेला होता.

साहेब गेल्या हिवाळ्यात गेले. आदल्या दिवशी गाडीवर एक हात मारून झाला होता. डबा संपला नव्हता, काकूंनी तो झाकण घट्ट लावून ठेवून दिला. गाडी विकायला दोनतीन गिऱ्हाइकं आली, काकूंनी त्यांना चहा पाजून परत पाठवलं.

वॅक्स काही महिन्यांत उतरतं म्हणतात. डब्यावर तसं छापलेलंही आहे. परवा मी काकूंकडे गेलो तर धाकट्याची पोरगी त्या गाडीच्या टपावर चढलेली. बसली, हात सोडले, आणि पुढच्या काचेवरून, बॉनेटवरून सुर्रकन खाली. किंचाळली, हसली, पुन्हा मागून चढायला पळाली. खाली काकू पदर खोचून, दोन्ही हात पसरून उभ्या.

मी म्हणालो, "काकू, रंग खराब करन ते."

"रंग राह्यला कुठं आता," त्या म्हणाल्या. माझ्याकडे पाहिलंही नाही, लक्ष वर होतं. "ये वो माय, ये. मी हावो इथं."